कौतुक कोणाच्या खात्यावर जमा करावे?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आपल्या मंडळींना उणेदुणे पचवता येते, चार शब्द ऐकून घेता येतात, पण कोणी तोंडावर कौतुक केले की आपली धांदल उडते. दत्तजयंतीच्या महाप्रसादाची पंगत बसलेली असते. पानावरचे एखादे गृहस्थ मनापासून म्हणतात, "वहिनी, घेवड्याची भाजी काय झालीय हो आज!" वाढणाऱ्या वहिनी लगेच म्हणतात, "कुठलं काय, आज मीठ जरा पुढेच झालंय." खरे तर मीठ पुढे झालेले नसते. वहिनींनाही ते ठाऊक असते.

आणि मंदिरात, सत्संगात वावरणारे आपण लोक दुसरे एक उत्तर देतो. कोणी म्हणाले, "सात दिवसांचं पारायण, तेही या वयात! कमाल आहे बुवा तुमची," की आपले हात आपोआप जोडले जातात. "आपलं कसलं काय, सगळी महाराजांची कृपा."

ही दोन उत्तरे मी जन्मभर ऐकत आलो. दोन्ही चांगल्या माणसांच्या तोंडची आहेत, म्हणून त्यांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. पण निवृत्तीनंतर वेळ हाताशी असतो आणि मन लहानसहान गोष्टींशी घोळत बसते. कोणी आपल्याविषयी आश्चर्याने, आदराने दोन शब्द बोलले तर भक्ताने काय उत्तर द्यावे? वरवर पाहता हा रीतभातीचा प्रश्न आहे. थोडे खोलात गेले की कळते, "माझ्यातलं माझं किती?" हाच प्रश्न इथे वेश बदलून आलेला आहे. परमार्थात पुढे मोठ्या रूपात जो भेटणार, तो रोजच्या बोलण्यात असा छोट्या रूपात भेटत असतो.

आधी पहिले उत्तर पाहू. "छे छे, कुठलं काय!" हे आपल्याला घरातूनच शिकवलेले असते. आपल्या तोंडाने आपली थोरवी सांगू नये, दृष्ट लागते, चारचौघांत मिरवू नये, असे वडीलधाऱ्यांचे सांगणे. त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण हे उत्तर समोरच्याच्या बाजूने ऐकून बघा. तो बिचारा तृप्त होऊन बोलला. त्याला आपण काय सांगितले? की बाबा रे, तुझ्या जिभेला चव नाही, किंवा तू खोटे बोलतोस. मग त्याला पुन्हा म्हणावे लागते, "नाही हो वहिनी, खरंच सुंदर झालीय!" म्हणजे पहिल्यांदा वाढलेले कौतुक 'नको नको' म्हणून परतवायचे आणि आग्रह करून दुसऱ्यांदा पानात पाडून घ्यायचे. पंगतीत जिलबीच्या बाबतीत हे शोभते. नम्रतेच्या बाबतीत शोभते का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शिवाय ते असत्य असते, हेही विसरून चालणार नाही. वहिनी पहाटे चारला उठल्या, घेवडा निवडला, शंभर माणसांच्या अंदाजाने मीठ-मसाला घातला, आणि तो अंदाज बरोबर आला. हे खरे आहे. खऱ्याला खोटे म्हटल्याने नम्रता कशी सिद्ध व्हावी?

आता दुसरे उत्तर. "सगळी महाराजांची कृपा." हे खोटे आहे असे दत्तभक्त म्हणूच शकत नाही. आपली श्रद्धाच ती आहे. पण हे वाक्य आपण कोठे आणि कसे वापरतो ते जरा तपासून पाहावे. एक गृहस्थ सात दिवस गुरुचरित्राचे पारायण करतात. सोवळे-ओवळे, एकभुक्त, भूमिशय्या, सगळे नियम पाळतात. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक कोण करते? अखंड समईत तेल कोण घालते? आल्यागेल्याला "ते वाचनाला बसलेत" असे हळू आवाजात कोण सांगते? सून सात दिवस साऱ्या घराचा कांदा-लसूण बंद ठेवून मुलांची समजूत काढते. मुलगा ऑफिसला जाण्याआधी फुले आणून ठेवतो. समाप्तीच्या दिवशी ब्राह्मण-सुवासिनीचे सगळे बघून ही माणसे शेवटच्या पंगतीला बसतात. आणि पाहुणे जेव्हा म्हणतात, "काय निष्ठा हो तुमची!" तेव्हा उत्तर येते, "महाराजांची कृपा." स्वयंपाकघरातल्या दोघी ते ऐकतात. काही बोलत नाहीत.

मी बँकेत कारकुनी केली, म्हणून मला त्याच भाषेत सुचते. बँकेत कधी कधी एखादी रक्कम येते आणि ती कोणत्या खात्याची हे चटकन कळत नाही. अशी रक्कम तात्पुरती 'सस्पेन्स' खात्यात ठेवतात. पण ती तिथे ठेवून विसरायची नसते. खरा खातेदार शोधून ती त्याच्या नावावर वर्ग करायची असते, आणि ते केले नाही तर तपासनीस प्रश्न विचारतो. कृपेला सस्पेन्स खाते म्हणण्याचे पाप मी करणार नाही. मात्र आपण ती तशी वापरतो, एवढे खरे. बायकोचे, सुनेचे, शेजाऱ्याचे, गुरुजींचे, सगळ्यांचे देणे एका 'कृपे'त टाकून मोकळे होतो. त्याने महाराजांच्या खात्यात काही भर पडत नाही, त्यांना काही कमीही नाही. ज्यांच्या खात्यावर चार शब्द जमा व्हायला हवे होते, त्यांचे पासबुक मात्र कोरे राहते.

आपल्या संप्रदायात तर आपण मानतो की दत्तप्रभू कोणत्याही रूपात येतात. भिक्षेकरी होऊन येतात, फकीर होऊन येतात. नाथमहाराजांना मलंगाच्या रूपात दर्शन झाल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मग ते समईत तेल घालणाऱ्या सुनेच्या रूपात येत नसतील का? कृपा आभाळातून पडत नाही, कोणाच्या तरी हातून येते. त्या हाताचे नाव घेतले तर कृपा कमी होत नाही, ती कोणत्या वाटेने आली तेवढे कळते.

हे म्हणायला मला मोठा आधार सापडतो तो खुद्द अवधूतांच्या उत्तरात. भागवताच्या अकराव्या स्कंधात ही कथा आहे. भगवान श्रीकृष्ण उद्धवाला ती सांगतात, आणि नाथमहाराजांनी ती मराठीत सविस्तर उलगडली आहे. ज्या अवधूताची ही कथा, त्याला आपण दत्तात्रेयच मानतो. चोवीस गुरूंची यादी आपल्यातल्या अनेकांना पाठ असते. पण ही यादी मुळात निघाली कशावरून, तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही. ती निघाली एका राजाच्या आश्चर्यातून.

यदुराजाला एक तरुण अवधूत निर्भयपणे हिंडताना दिसला. राजाने पाहिले तर हा विद्वान आहे, समर्थ आहे, देखणा आहे, बोलणे गोड आहे, आणि तरीही कशाच्या मागे धावत नाही. राजा म्हणाला, लोक आयुष्य, कीर्ती आणि वैभव यांच्यासाठी धडपडतात, काम आणि लोभाच्या वणव्यात सगळे होरपळतात. तुम्ही मात्र गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखे शांत आहात. ही बुद्धी तुम्हाला आली कुठून? हा आनंद कशाचा?

पाहा, याहून मोठे कौतुक कोणते? तेही राजाच्या तोंडून! इथे अवधूताला "छे छे, मी कसला शांत" म्हणता आले असते. "सगळी ईश्वराची कृपा" एवढे म्हणून पुढे चालता आले असते, आणि ते खोटेही झाले नसते. त्यांनी दोन्ही केले नाही. ते म्हणाले, राजा, मला पुष्कळ गुरू आहेत. आणि मग एकेकाचे नाव घेऊन, कोणाकडून नेमके काय घेतले ते सांगायला सुरुवात केली.

पृथ्वीकडून सहनशीलता. वाऱ्याकडून अलिप्तपणा. समुद्राकडून हे, की नद्या भरून आल्या म्हणून फुगायचे नाही आणि आटल्या म्हणून सुकायचे नाही. बाण घडवणाऱ्या कारागिराकडून एकाग्रता, कारण शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागला नाही. पाहुण्यांसाठी साळी कांडणाऱ्या कुमारीच्या हातातली काकणे वाजत होती, तिने एकेक ठेवून बाकीची काढली, तिच्याकडून एकांत. पिंगला वेश्येकडून आशा सोडल्यावर लागणारी सुखाची झोप. कबुतर, पतंग, मासा यांच्याकडून तर काय करू नये हे शिकले, तरी त्यांनाही गुरूच म्हटले.

चोवीस नावे. त्यात कोणी राजा नाही, ऋषी नाही. कोळी आहे, अजगर आहे, लहान मूल आहे. यांतल्या एकालाही आपण कोणाला काही शिकवले याची कल्पना नव्हती. कोणी दक्षिणा मागितली नव्हती. अवधूताने नाव घेतले नसते तर विचारणारे कोणी नव्हते. तरीही राजाने पुढे केलेले सगळे कौतुक त्यांनी चोवीस जणांत वाटून टाकले, आणि स्वतःकडे काय ठेवले? फक्त शिष्यपण.

आम्हाला कॉमर्सला जमाखर्चाचा पहिला नियम शिकवला तो असा: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा. ज्याने दिले त्याचे खाते जमा करायचे, ज्याने घेतले त्याच्या नावे टाकायचे. हिशेबनिसांचा हा कोरडा नियम आहे. पण अवधूतांचे उत्तर वाचताना मला वाटते, त्यांनी यदुराजापुढे आपली खतावणीच उघडून ठेवली. देणारे चोवीस, त्यांचे जमा. घेणारा मी एक, माझ्या नावे. कौतुकाने अहंकार वाढतो अशी आपल्याला भीती असते. ज्या कौतुकाची रोजच्या रोज अशी खतावणी होते, त्याने अहंकार कसा वाढेल? माणसाला उलट आपले देणे किती आहे ते दिसते.

कॅश काउंटरवरचा माणूस दिवसभर लाखो रुपये हाताळतो. कोणी रक्कम पुढे केली की तो "नको नको" म्हणत नाही, आणि खिशातही घालत नाही. मोजून घेतो, शिक्का मारून पावती देतो, आणि ज्याच्या खात्याची असेल त्याच्या खात्यावर भरतो. संध्याकाळी रोकड जुळली की हात धुऊन घरी जातो. कौतुकाच्या बाबतीत मला ही रीत फार सोयीची वाटते. पावती म्हणजे, "तुम्ही आवर्जून सांगितलंत, बरं वाटलं." आणि खाते म्हणजे, "घेवड्याला हे वाटण घालायचं सासूबाईंनी शिकवलं. आणि निवडायला आज पलीकडच्या दोघी पहाटेच आल्या होत्या." बस्स, दोन वाक्ये. पाल्हाळ नको.

यातून काय घडते ते मी आमच्याच भागात पाहिले आहे. एका गृहस्थांची आई बरीच वर्षे अंथरुणाला खिळून होती. सगळे तेच करत. लोक म्हणत, "श्रावणबाळ आहात हो तुम्ही!" ते शांतपणे म्हणायचे, "रात्रीचं मी बघतो. दिवसा मी कामावर असतो तेव्हा शेजारच्या वहिनी कूस बदलून देतात, म्हणून आईच्या पाठीला जखम नाही. खरं तर त्यांचं जास्त आहे." दर वेळी हेच. हळूहळू ती गोष्ट सगळ्या आळीला माहीत झाली. त्या शेजारच्या वहिनींकडे लोक आदराने बघू लागले. आणखी एक-दोन घरांतून दुपारी कोणीतरी डोकावू लागले. त्यांनी नुसते "महाराज करून घेतात" म्हटले असते तर लोकांनी हात जोडले असते आणि आपापल्या घरी गेले असते. नाव घेतल्यामुळे लोकांना कळले की इथे एका माणसाच्या भक्तीने काम चालत नाही, चार हात लागतात, आणि त्यात आपलाही एक हात चालण्यासारखा आहे.

आता एक शंका कोणी जाणता वाचक घेईल. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात घेवड्याच्या वेलाची कथा आहे. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी त्या गरीब ब्राह्मणाच्या घरी घेवड्याच्या शेंगांवर भागत असे. श्रीगुरूंनी तो वेलच तोडला, आणि त्याच्या मुळाशी द्रव्याने भरलेला कुंभ निघाला. पण श्रीगुरूंनी त्या दांपत्याला बजावले की ही गोष्ट कोणाला सांगू नका. मग देणाऱ्याचे नाव घ्यावे हे कसे?

शंका रास्त आहे. देणाऱ्यानेच नाव घेऊ नको म्हटले तर ते पाळावेच. गुप्तदान करणारे आजही आहेत. पण तिथेही, "हे माझं नव्हे, एका सज्जनांनी दिलं, नाव सांगायची परवानगी नाही," एवढे म्हणता येतेच. नाव गुप्त राहिले तरी देणे गुप्त राहत नाही, आणि ते आपल्या खात्यावर ओढलेही जात नाही.

कौतुकाची दुसरी बाजूही गुरुचरित्रात आहे, आणि ती फार कडक आहे. दोन विद्वान ब्राह्मण वेदविद्येच्या गर्वाने गावोगाव वाद करत हिंडत. पंडितांना हरवायचे किंवा वाद न करता त्यांच्याकडून जयपत्र लिहून घ्यायचे, हा त्यांचा उद्योग. ते कुमसीच्या त्रिविक्रम भारतींकडे आले आणि जयपत्र मागू लागले. त्रिविक्रम भारती त्यांना गाणगापुरास श्रीगुरूंकडे घेऊन आले. श्रीगुरूंनी त्यांना आधी समजावले, की वाद कशाला, जय मिळून तुम्हाला काय मिळणार? ते ऐकेनात. तेव्हा श्रीगुरूंनी वाटेने जाणाऱ्या, समाजाने दूर लोटलेल्या एका माणसाला बोलावले. जमिनीवर सात रेषा काढल्या. एकेक रेषा ओलांडताना त्याला पूर्वजन्म आठवत गेला, आणि सातव्या रेषेनंतर, श्रीगुरूंच्या विभूतीने, तो वेद बोलू लागला. ते दोघे विद्वान भयचकित झाले.

त्या दोघांची विद्या खोटी होती असे कथा म्हणत नाही. पण सारे आयुष्य त्यांनी कौतुकाचे कागद गोळा करण्यात घालवले. जे दिले गेले ते फक्त जमा करत गेले, कोणाला काही दिले नाही. याउलट त्या सात रेषा ओलांडणाऱ्या माणसाची विद्या पाहा. पुढे अंगावरची विभूती धुतली गेली तसे त्याचे ज्ञानही गेले, आणि तो आपल्या बायकामुलांत परतला. विद्या दिलेली होती, हे त्याहून स्पष्ट कसे सांगावे? आपल्या अंगावरही कोणाची ना कोणाची विभूती असते. कोणी "वा!" म्हटले की ती विभूती आठवावी, एवढाच बोध मी त्यातून घेतो.

जयपत्रे आजही आहेत. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, आणि हल्ली फोनवरचे अंगठे. यांत वाईट काही नाही. घरी आणून भिंतीवर लावावे, हरकत नाही. फक्त कोणी ते पाहून विचारले तर त्या चिन्हावर ज्यांचे नाव कोरलेले नाही त्यांचे नाव आपल्या तोंडून निघावे.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना निंदा आणि स्तुती समान मानणारा भक्त प्रिय म्हटला आहे. ते मनाचे लक्षण आहे. मनात समान मानायचे म्हणून तोंडाने समोरच्या माणसाला झिडकारावे, असा त्याचा अर्थ नाही. जो प्रेमाने बोलला त्याचे प्रेम खाली पडू देऊ नये. या बाबतीत मला गुरुचरित्रातले सिद्धमुनी आदर्श वाटतात. सगळा ग्रंथ म्हणजे सिद्ध आणि नामधारक यांचा संवाद. नामधारक एकेक लीला ऐकून थक्क होतो, सिद्धांच्या पाया पडतो, तुम्ही मला अज्ञानातून जागे केलेत म्हणतो. सिद्ध काय करतात? ते शिष्याला जवळ घेतात आणि म्हणतात, बाळा, तू विचारलेस म्हणून मला हे चरित्र आठवले, तुझ्यामुळे मलाही आनंद झाला. ऐकणाऱ्याचे आश्चर्य त्यांनी ऐकणाऱ्यालाच प्रसाद म्हणून परत दिले. आपल्यालाही हे करता येते. "तुम्ही इतकं बारकाईनं ऐकलंत म्हणून तुमच्या लक्षात आलं." भजन म्हणणाऱ्याने ऐकणाऱ्याला एवढे म्हटले तर दोघेही धन्य होतात.

सगळ्यात अवघड कौतुक मात्र वेगळेच असते. ते असते दुःखातल्या माणसाचे. "किती खंबीर हो तुम्ही!" हे वाक्य आपण किती सहज बोलतो. आमच्या ओळखीच्या एका बाईंचे यजमान गेले. वर्षभरात त्यांनी मुलीचे लग्न पार पाडले, कागदपत्रे नावावर करून घेतली, सगळे एकटीने. जो तो म्हणे, "धन्य आहे तुमची!" त्या म्हणत, "महाराज बळ देतात." यानंतर कोणाला पुढे काही विचारावे लागत नसे. कौतुक झाले, उत्तर मिळाले, विषय संपला. एका गुरुवारी आरतीनंतर एक आजी तेच म्हणाल्या. त्या दिवशी मात्र बाई म्हणाल्या, "खंबीर दिसते खरी, आजी. दिवस कसाही जातो. दिवेलागणीला घर खायला उठतं. पण तुम्ही जवळ येऊन बोललात, बरं वाटलं." आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला काठी टेकत त्यांच्या दारात हजर. तेव्हापासून दोघी मिळून संध्याकाळी करुणात्रिपदी म्हणतात.

म्हणून म्हणतो, कौतुकाला दिलेल्या उत्तरात खरेपणा असावा. आपल्याला जमले तेवढे जमले म्हणावे, जे जड जाते ते जड जाते म्हणावे. नम्रतेच्या नावाखाली आपले यश लपवू नये, आणि भक्तीच्या नावाखाली आपले दुःखही लपवू नये. महाराज बळ देतात हे खरेच, पण कधी कधी ते बळ काठी टेकत दारात यायचे असते, आणि आपण "सगळं ठीक आहे" म्हणून दार लावून घेतो.

आपल्या वयाच्या मंडळींना हल्ली आणखी एका आश्चर्याला तोंड द्यावे लागते. नव्या पिढीच्या. "अय्या आजोबा, तुम्हाला फोनवरून पैसे पाठवता येतात?" यात थोडे कौतुक, थोडा चिमटा. पुष्कळांना राग येतो. "अरे, आम्ही काय अडाणी आहोत?" म्हणून आपण गुरकावतो. त्यापेक्षा, "नातीनं शिकवलं, चार वेळा चुकलो, ती चिडली नाही," असे म्हणून पाहावे. नातीचा चेहरा कसा खुलतो ते बघा. अवधूतांनी लहान मुलाला गुरू केले होते. आपल्याला तर ती संधी घरबसल्या मिळते.

नरसोबाच्या वाडीला पावसाळ्यात कृष्णामाई चढते तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. नदीचे पाणी उत्तरेच्या दाराने आत येते, श्रींच्या पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून धावत येतात. पुजारी उत्तरेचे दार लावून पाणी अडवत नाहीत, आणि दक्षिणेचे दार लावून साठवूनही ठेवत नाहीत. ते वाहते आहे म्हणून तीर्थ आहे. कोणी आपले कौतुक केले तर त्यालाही असेच आत येऊ द्यावे, ज्यांच्यामुळे ते आले त्यांच्या पायांवरून वाहू द्यावे, आणि पुढे जाऊ द्यावे. आपण मधल्या दगडी चौथऱ्याइतके भिजलो तरी पुष्कळ झाले.

यंदाच्या मार्गशीर्ष पौर्णिमेला जन्मकाळ झाला की पाळणा होईल, सुंठवडा वाटला जाईल, पंगती बसतील. वाढणाऱ्यांना आपण मनापासून "छान झालंय" म्हणावे. आणि आपल्याला कोणी म्हटले, तर क्षणभर थांबून ज्याचे त्याला पोचते करावे. स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥